मंडळाचा जुना सर्व्हर बदलताना : साठवण आणि आभासी यंत्रांचे नियोजन

इंदूरमधील आमच्या मराठी मंडळाच्या कार्यालयात, पंगतीची पातेली ठेवण्याच्या खोलीला लागून असलेल्या एका कोनाड्यात, एक सर्व्हर गेली दहा-अकरा वर्षे घरघरत आहे. सर्व्हर म्हणजे दुसऱ्या संगणकांना माहिती पुरवण्यासाठी रात्रंदिवस चालू ठेवलेला संगणक. दिसायला तो साधा डबाच असतो. आमच्या डब्यावर वाचनालयाची पुस्तकसूची आहे, देणग्यांचा हिशेब आहे, सभासदांची यादी आहे आणि जुन्या नाटकांची व व्याख्यानांची चित्रणे आहेत. त्यावरील विंडोज सर्व्हर २०१२ आर२ या प्रणालीला तिच्या निर्मात्यांनी १० ऑक्टोबर २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मोफत पुरवणे बंद केले आहे. म्हणजे त्यानंतर सापडलेले प्रत्येक छिद्र आमच्याकडे उघडेच राहिलेले आहे.

कार्यकारिणीत विषय निघाला तेव्हा ठराव झाला तो नेहमीचाच : तीन कोटेशने मागवा. कोटेशने आली, पण तिन्हींमध्ये प्रोसेसर (आकडेमोड करणारा भाग) आणि मेमरी (चालू कामापुरती तात्पुरती जागा) ठळक अक्षरांत होती, आणि नेमके काय साठवायचे आहे, हे एकाही विक्रेत्याने विचारलेले नव्हते. त्यातच गेल्या काही वर्षांत या बाजारात बरीच उलथापालथ झाली. एका संगणकात अनेक संगणक चालवण्याच्या क्षेत्रातील सर्वांत परिचित कंपनी व्हीएमवेअर ही नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम या दुसऱ्या बड्या कंपनीने विकत घेतली, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणे थांबले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये छोट्या संस्था वापरत असलेली मोफत आवृत्तीही बंद झाली. ती एप्रिल २०२५ मध्ये परत आली खरी, पण दरम्यान अनेकांनी दुसरी वाट धरली होती. शिवाय २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांनी मेमरीची इतकी खरेदी केली की साध्या ग्राहकासाठीही तिचे भाव चढले. अशा वेळी गरजेपेक्षा मोठे यंत्र घेणे हे देणगीदारांच्या पैशाशी बरे वागणे नव्हे.

माझे म्हणणे एवढेच आहे की नियोजनाचा क्रम उलटा करावा. यंत्र बंद पडल्याच्या दुसऱ्या दिवशी काय काय परत उभे करावे लागेल, तिथून सुरुवात करावी, त्यावरून साठवण ठरवावी, साठवणीवरून आभासी यंत्रे, आणि डबा सर्वांत शेवटी.

आधी मोजदाद

संगणकातील जागेचा अंदाज बहुतेक जण हवेत करतात. कोणी म्हणतो दोन टेराबाइट पुरेत, कोणी म्हणतो वीस तरी हवेत. वास्तविक हे गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल असे आहे. एक टेराबाइट म्हणजे एक हजार गिगाबाइट, एक गिगाबाइट म्हणजे एक हजार मेगाबाइट, आणि एक मेगाबाइट म्हणजे दहा लाख बाइट.

आमच्याकडील जुन्या इतिवृत्तांच्या आणि पत्रव्यवहाराच्या वह्यांची सुमारे अठरा हजार पाने होतात, त्यांत थोडी मोडीतलीही आहेत. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला तीनशे बिंदू धरून, रंगीत स्कॅन करून काहीही न दाबता ठेवले, तर ते २,४८० गुणिले ३,५०८ बिंदूंचे होते. प्रत्येक बिंदूला रंगाचे तीन बाइट धरले की एका पानाला साधारण २६ मेगाबाइट लागतात. अठरा हजार पानांचे झाले सुमारे ४७० गिगाबाइट. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मिनी-डीव्ही कॅसेटवरील चित्रण आहे तसे उतरवले की तासाला जवळपास १३ गिगाबाइट होते. आमच्याकडे अशा ११० तासांच्या कॅसेटी आहेत, म्हणजे १,४३० गिगाबाइट. पस्तीस हजार छायाचित्रे, प्रत्येकी आठ मेगाबाइट, म्हणजे २८० गिगाबाइट. वाचनालय, हिशेब, निमंत्रणपत्रिका आणि इतर सर्व कागद मिळून साठ गिगाबाइटसुद्धा भरत नाहीत.

एकूण बेरीज सव्वादोन टेराबाइटच्या आत येते. दरवर्षी गणेशोत्सव, दिवाळी पहाट आणि इतर कार्यक्रमांचे मिळून तीनशे गिगाबाइट वाढतील असे धरले, तर सहा वर्षांनी चार टेराबाइट होतील. डिस्क काठोकाठ भरली की तिची चाल मंदावते, म्हणून वीस टक्के जागा मोकळी ठेवावी लागते; म्हणजे पाच टेराबाइट, आणि जुन्या आवृत्त्या जपण्यासाठी वर थोडी जागा. आठ टेराबाइटची डिस्क आम्हाला पुरून उरते. (दुकानातून आणलेली आठ टेराबाइटची डिस्क संगणकाला जोडल्यावर ७.२८ दिसते, याबद्दल कोषाध्यक्षांनी दुकानदाराशी भांडू नये. निर्माता हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते; चोरी कोणीही केलेली नसते.)

या बेरजेकडे पुन्हा पाहिले तर एक गंमत दिसते. ज्या माहितीवाचून मंडळाचे काम एका दिवसात अडेल ती साठ गिगाबाइटच्या आत आहे, आणि ज्या माहितीने डिस्क भरते तिच्यावाचून महिनाभर काहीच अडत नाही, परंतु ती गेली तर पुन्हा कुठूनही मिळणार नाही, कारण कॅसेटींवर बुरशी चढू लागली आहे आणि त्या वाचणारी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर आता इंदुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. दोन्ही प्रकारची माहिती एकाच नियमाने सांभाळणे चूक आहे. म्हणून प्रत्येक प्रकारासाठी दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : किती दिवसांचे काम पुन्हा करावे लागले तर चालेल, आणि किती दिवस बंद राहिले तर चालेल? वाचनालय दोन दिवस बंद राहिले तर वाचक कुरकुरतील, पण वहीवर नोंदी करून काम भागेल. गणेशोत्सवाच्या आठवड्यात देणगीच्या नोंदी एका तासाच्याही गेल्या तर पावत्यांचा मेळ बसणार नाही.

एक वाडा, अनेक बिऱ्हाडे

सध्या आमच्या सर्व्हरवर सर्व प्रोग्राम एकाच विंडोजमध्ये राहतात. म्हणजे एकाच खोलीत चार कुटुंबांनी संसार मांडल्यासारखे आहे. हिशेबाच्या प्रोग्रामला नवी आवृत्ती हवी असते, वाचनालयाच्या प्रोग्रामला जुनीच चालते, एकाची दुरुस्ती केली की दुसरा रुसतो, आणि एकाला विषाणूची लागण झाली की सर्वांना होते. याला उपाय म्हणून प्रत्येक कामासाठी वेगळे यंत्र घ्यावे, तर पाच यंत्रे दिवसातील बहुतेक वेळ रिकामी बसून वीज खातील.

यावर वाड्याची जुनी व्यवस्था हे उत्तर आहे. एका वाड्यात पाच बिऱ्हाडे असतात. प्रत्येकाला आपले दार, आपली चूल, आपले कुलूप असते. नळ आणि अंगण मात्र सामाईक असते आणि कोणाला किती पाणी मिळावे हे कारभारी पाहतो. संगणकात या कारभाऱ्याला हायपरवायझर म्हणतात, आणि बिऱ्हाडाला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र. आभासी यंत्रातील प्रणालीला आपण स्वतंत्र संगणकावरच आहोत असे वाटते. ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर ती १९६० च्या दशकात होती आणि १९७२ मध्ये तिचे अधिकृत उत्पादनही जाहीर झाले. साध्या प्रोसेसरांमध्ये तिला अनुकूल सोय २००५-०६ च्या सुमारास आली, आणि २००७ पासून लिनक्स या मोफत, खुल्या प्रणालीमध्येच असा कारभारी बसवलेला आहे. त्याच्यावर आधारलेली प्रॉक्समॉक्स ही प्रणाली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील एक कंपनी २००८ पासून काढते. ती मोफत वापरता येते, पैसे लागतात ते तांत्रिक साहाय्यासाठी. छोट्या संस्थेसाठी आज मी तिचेच नाव सुचवीन. व्हीएमवेअर वाईट आहे असे नाही, पण तिच्या मोफत आवृत्तीच्या जाण्यायेण्याने एवढे नक्की शिकवले की परवाना दुसऱ्याच्या मर्जीवर असला की आपले नियोजनही त्याच्या मर्जीवर राहते.

जागावाटप करताना एक भेद ध्यानात ठेवावा. प्रोसेसर हा वाड्यातल्या नळासारखा असतो. सर्वांनी पाळीपाळीने वापरला तरी भागते, कारण एकाच क्षणी सर्वांनाच पाणी भरायचे नसते. मेमरी मात्र रात्री झोपायच्या जागेसारखी असते. पाच माणसांना पाच अंथरुणेच लागतात. म्हणून प्रोसेसरपेक्षा मेमरीची बेरीज काटेकोर करावी. वाचनालयासाठी आम्ही कोहा ही मुक्त प्रणाली योजली आहे. ती न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० च्या जानेवारीत वापरात आली; माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट किंवा देणगी असा आहे, ही गोष्ट आमच्या ग्रंथपालबाईंना फार आवडली. तिला चार गिगाबाइट, हिशेबाच्या विंडोजला आठ, फायली वाटून देणाऱ्या यंत्राला दोन, प्रयोगासाठीच्या यंत्राला चार, आणि कारभाऱ्याला स्वतःसाठी व डिस्कवरील माहिती हाताशी ठेवण्यासाठी दहा-बारा. बत्तीस गिगाबाइटमध्ये सर्व बसते. एका विक्रेत्याच्या कोटेशनात एकशे अठ्ठावीस होते.

आभासी यंत्राचा धाकटा भाऊ म्हणजे कंटेनर. तो बिऱ्हाडकरू नव्हे, पेइंग गेस्ट आहे : त्याची खोली वेगळी, स्वयंपाकघर यजमानाचेच. तो कमी जागेत भागवतो, परंतु त्यात विंडोज चालत नाही आणि भिंतही पातळ असते. फायली वाटण्यासारख्या साध्या कामाला तो योग्य, हिशेबाला नको.

वाडाच पडला तर?

हा आक्षेप रास्त आहे, आणि कार्यकारिणीत तो पहिल्याच मिनिटाला आला. पाच यंत्रांपैकी एक बिघडले तर चार चालू राहतात. एका यंत्रात पाचही ठेवली तर सगळेच एकदम जातात.

तथापि आजही आपण सर्व काही एकाच डब्यात ठेवलेलेच आहे. फरक असा की आजचा डबा गेला तर नव्या डब्यावर विंडोज घालणे, प्रोग्राम शोधणे, त्यांच्या सीडी कोणाच्या कपाटात आहेत ते आठवणे, असा पंधरवड्याचा उद्योग आहे. आभासी यंत्र हे शेवटी डिस्कवरील एक-दोन मोठ्या फायलींच्या स्वरूपात असते. ट्रंकेत अख्खा संसार, भांडी जागच्या जागी ठेवून, भरता यावा तसे ते उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवता येते, मग ते यंत्र वेगळ्या कंपनीचे असले तरी बहुधा कुरकुर होत नाही. यंत्र बदलणे हे घर बांधण्याऐवजी बिऱ्हाड हलवण्याइतके सोपे होते. मोठ्या कंपन्या आभासी यंत्रे वापरतात ती पैसे वाचवण्यासाठी. मंडळाला मात्र खरा लाभ या हलवता येण्यात आहे. त्यासाठी एक साधा, वापरलेला डेस्कटॉप संगणक, ज्यात बत्तीस नाही पण सोळा गिगाबाइट मेमरी आहे, तो बंद करून कपाटात ठेवावा. मुख्य यंत्र गेले तर वाचनालय आणि हिशेब ही दोन बिऱ्हाडे त्यावर आठवडाभर काढू शकतात. तीन यंत्रांचा समूह करून एक पडताच दुसऱ्याने आपोआप काम हाती घ्यावे, अशी रचनाही असते. तिचे वर्णन ऐकून हुरळून जाऊ नये, कारण ती सांभाळायला पगारी माणूस लागतो.

डिस्कची जोडी आणि पानाखालची बेरीज

डिस्क बिघडणारच, एवढे गृहीत धरून चालावे. त्यावरचा जुना उपाय म्हणजे रेड. तो १९८८ मध्ये बर्कली येथील विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या शोधनिबंधाने रूढ झाला. यात अनेक डिस्क मिळून अशी व्यवस्था करतात की एखादी गेली तरी माहिती टिकते. याचे प्रकार अनेक आहेत. आम्हाला त्यांतील सर्वांत साधा पुरेसा आहे, तो म्हणजे आरसा. दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो, सभेचे इतिवृत्त दोन चिटणीसांनी दोन वह्यांत लिहावे तसा.

विक्रेते बहुधा तीन किंवा चार डिस्कची रेड-५ सुचवतात, कारण तीत जागा कमी वाया जाते. परंतु तीत एक डिस्क गेली की नवी डिस्क भरून काढण्यासाठी उरलेल्या सर्व डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचाव्या लागतात. आठ टेराबाइटची डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइट वेगाने अखंड वाचली तरी जवळजवळ पंधरा तास होतात, आणि त्या पंधरा तासांत दुसरी डिस्क गेली तर सर्वच गेले. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आणलेल्या डिस्क सोबतीने वयस्क होतात. म्हणून जोडीतील दोन डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून किंवा निदान वेगवेगळ्या महिन्यांत घ्याव्यात, हा माझा आग्रह आहे; तो कोषाध्यक्षांना विक्षिप्त वाटतो.

जुन्या सर्व्हरमध्ये हे काम एक स्वतंत्र कार्ड करीत असे. दोन वर्षांपूर्वी ते कार्ड मेले तेव्हा दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या, तरी त्या वाचता येईनात, कारण कोणता तुकडा कुठे ठेवला हे त्या कार्डालाच ठाऊक होते. तसेच कार्ड मिळवण्यात सव्वीस दिवस गेले. तेव्हापासून मी अशा कार्डावर विसंबत नाही. प्रॉक्समॉक्ससोबत येणारी झेडएफएस ही साठवणपद्धती आरशाचे काम सॉफ्टवेअरमध्येच करते, आणि तिच्या डिस्क काढून झेडएफएस जाणणाऱ्या कोणत्याही दुसऱ्या यंत्राला लावल्या की वाचता येतात.

झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जन्मली आणि २००५ मध्ये तिचा मूळ कोड खुला झाला. तिचे दोन गुण जुन्या चोपड्या पाहिलेल्या माणसाला चटकन उमजतील. पहिला, ती प्रत्येक तुकड्याखाली त्याची एक प्रकारची बेरीज लिहून ठेवते आणि वाचताना ती पुन्हा करून पाहते. साध्या आरशात दोन वह्यांमध्ये दोन वेगळे आकडे दिसले तर खरा कोणता हे कळत नाही. इथे ज्या पानाची बेरीज जुळत नाही ते खोटे ठरते आणि दुसऱ्या वहीवरून दुरुस्त होते. न उघडता वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या छायाचित्रांसाठी ही सोय अमोल आहे, कारण डिस्कवरील अक्षर मुकाट्याने सडते आणि ते पाहायला कोणी जात नाही. महिन्यातून एकदा सर्व डिस्क वाचून बेरजा तपासण्याचे काम नेमून ठेवता येते.

दुसरा गुण म्हणजे ती रोजकीर्दीप्रमाणे जुन्या नोंदीवर खाडाखोड करत नाही. बदललेला मजकूर नव्या जागी लिहिते आणि मग जुनी जागा मोकळी करते. त्यामुळे एखाद्या क्षणी वहीत खूण घालून ठेवता येते, आणि खूण असेपर्यंत त्या क्षणीची पाने मोकळी केली जात नाहीत. या खुणेला स्नॅपशॉट म्हणतात. तो क्षणात होतो आणि त्याला जागा लागते ती नंतर बदललेल्या मजकुरापुरतीच. प्रोग्रामची नवी आवृत्ती घालण्याआधी खूण घालावी, बिघडले तर मागे यावे.

आमच्या रचनेत म्हणून दोन जोड्या आहेत : एक टेराबाइटच्या दोन एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्क, आभासी यंत्रांसाठी, आणि आठ टेराबाइटच्या दोन साध्या हार्ड डिस्क चित्रणे व स्कॅनसाठी. एका जोडीवर सर्व कोंबले असते तर कोणी नाटकाचे चित्रण उतरवायला घेतले की वाचनालयाचा पडदा गोठला असता.

दोन डिस्क आहेत, मग बॅकअप कशाला?

कारण दोन चिटणीस असले तरी अध्यक्ष चुकीचे बोलले तर दोघेही चुकीचेच लिहितात. कोणी चुकून फोल्डर पुसले, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. खंडणीसाठी फायलींना कुलूप घालणारा विषाणू शिरला, तर दोन्ही प्रतींना कुलूप लागते. आणि खुणा कितीही घातल्या तरी त्या त्याच वहीत असतात. वही जळाली की खुणाही जळतात. इंदूरकराला हे वेगळे सांगायला नको. आपला राजवाडा १८०१ मध्ये शहर लुटले गेले तेव्हा जळाला आणि १९८४ च्या दंगलीतही जळाला. त्यातल्या वस्तूंची दुसरी प्रत त्याच इमारतीत असती तर तिचा काय उपयोग झाला असता?

बॅकअप म्हणजे वेगळ्या जागी, वेगळ्या साधनावर, सहसा हात न पोहोचेल अशी ठेवलेली प्रत. रूढ नियम आहे तीन-दोन-एकचा : एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या पत्त्यावर. आम्ही तो असा बसवला आहे. रोज रात्री आभासी यंत्रांची प्रत कपाटातल्या त्या दुसऱ्या संगणकावर जाते. त्यासाठी तो ठरल्या वेळी जागा होतो आणि काम झाले की झोपतो. शिवाय बाहेरून जोडायच्या दोन डिस्क आहेत. एक कार्यालयात, दुसरी राजेंद्र नगरात एका सदस्यांच्या घरी, आणि दर महिन्याच्या सभेला त्यांची अदलाबदल होते. डिस्क जोडून प्रत घेतली की ती काढून ठेवायची. कायम जोडलेल्या डिस्कलाही विषाणू कुलूप लावतो. या डिस्कवर सभासदांचे दूरध्वनी आणि जन्मतारखा असल्याने तिच्यावरील मजकूर कूटबद्ध केलेला आहे, म्हणजे परवलीशिवाय तो कोणाला वाचता येत नाही.

आणि प्रत घेतली एवढ्याने काम संपत नाही. प्रोग्रामरांचे काम सांभाळून ठेवणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरील माहिती पुसली गेली. प्रती ठेवण्याच्या त्यांच्या पाच व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती, हे त्यांना त्या रात्री कळले. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती म्हणून ते वाचले, आणि मधल्या सहा तासांचे काम गेलेच. तज्ज्ञांचे हे झाले तर आपण कोण? म्हणून तीन महिन्यांतून एकदा एका बिऱ्हाडाची प्रत कपाटातल्या संगणकावर खरोखर उभी करून, त्यात एखाद्या ओळखीच्या सभासदाची पावती उघडून पाहायची. घड्याळ लावून पाहिले तर दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे किती वेळ बंद राहील याचे, उत्तरही मिळते.

क्लाउडवर का नको?

तरुण सदस्यांचा हा प्रश्न असतो, आणि काही बाबतींत त्यांचे बरोबर आहे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचे, दुसऱ्या गावी असलेले यंत्र भाड्याने वापरणे. मंडळाचा ईमेल आणि संकेतस्थळ तिकडेच असावे. ते घरी सांभाळण्यात शहाणपण नाही.

परंतु सव्वादोन टेराबाइट माहिती सेकंदाला वीस मेगाबिटच्या (आठ बिटांचा एक बाइट होतो) गतीने वर चढवायची तर अखंड दहा दिवसांहून अधिक लागतात, तेही मधे एकदाही इंटरनेट गेले नाही तर. शिवाय दरमहा बिल येते, ते आपल्या उत्पन्नाच्या हंगामाकडे पाहत नाही. देणगीदार एखाद्या वस्तूसाठी आनंदाने रक्कम देतो, त्याच्या वडिलांच्या नावाची पाटी लावता येते. दरमहाच्या भाड्यासाठी देणगी देणारा मला अजून भेटलेला नाही. एखादा वर्षाचा हप्ता चुकला आणि कार्यकारिणी बदलली, की खाते बंद होऊन चित्रणे जातील ही भीती खरी आहे. म्हणून आमचा मध्यम मार्ग असा की ज्यावाचून एका दिवसात अडते ती साठ गिगाबाइट माहिती, कूटबद्ध करून, रोज रात्री क्लाउडवर पाठवायची, आणि मोठी चित्रणे डिस्कवरून हातोहात न्यायची. स्कूटरवरून राजेंद्र नगरला जाणारी आठ टेराबाइटची डिस्क हे आजही आमच्याजवळचे सर्वांत वेगवान इंटरनेट आहे.

जुन्या फॉन्टांचे आणि डोंगलचे काय?

मराठी संस्थांना हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त छळतो. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींसाठी जगभर एकच असलेली अक्षरांकनपद्धती, रुळण्यापूर्वी आपण निमंत्रणे, स्मरणिका आणि अहवाल वेगवेगळ्या जुन्या फॉन्टांत टंकले. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्या फायली उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा पालापाचोळा दिसतो. त्यांतले काही टंकन-प्रोग्राम डोंगलवर, म्हणजे संगणकाला खोचायच्या छोट्या कुलूप-किल्लीवर, चालतात.

इथे आभासी यंत्र फार उपयोगी पडते. मायक्रोसॉफ्टच्याच डिस्क२व्हीएचडी या छोट्या साधनाने चालू असलेल्या जुन्या विंडोजची अख्खी प्रत फाइलमध्ये उतरवता येते, आणि ती नव्या यंत्रावर जुन्या बिऱ्हाडासारखी, फॉन्टांसकट, चालवता येते. यूएसबी डोंगल असेल तर तो मुख्य यंत्राला खोचून त्या एका बिऱ्हाडाच्या स्वाधीन करता येतो. प्रिंटरच्या जुन्या रुंद खोबणीतला असेल तर मात्र अडचण आहे. तीन पथ्ये पाळावीत. या जुन्या बिऱ्हाडाला इंटरनेटचे दार कधीही उघडून देऊ नये. यंत्रासोबत आलेला विंडोजचा परवाना बहुधा त्याच यंत्रापुरता असतो, तो दुसरीकडे नेता येतो का हे आधी वाचावे. आणि हिशेबाच्या काही प्रोग्रामांचा परवाना यंत्राला बांधलेला असतो; जुने यंत्र बंद करण्यापूर्वी तो तिथून सोडवून घ्यावा लागतो, नाहीतर पावत्या घ्यायच्या दिवशी पडद्यावर निराळीच सूचना येते. या बिऱ्हाडाला मुदतही द्यावी. वर्षभरात त्यातील मजकूर युनिकोडमध्ये उतरवून ते बंद करणे हे उद्दिष्ट असावे, त्याचे संग्रहालय होऊ देऊ नये.

वीज, ऊन आणि जुना स्विच

इंदुरात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तो किती असेल याचा विचारही करवत नाही. सर्व्हर जमिनीपासून हातभर वर, वारा खेळेल अशा खोलीत ठेवावा, पंगतीच्या शेगड्यांपासून दूर. वीज गेल्यावर घरगुती इन्व्हर्टर काम हाती घेतो खरा, पण त्यात जो क्षणभराचा खंड पडतो तेवढ्याने संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणून मध्ये यूपीएस हवाच, आणि तो तारेने सर्व्हरला जोडून, बॅटरी उतरू लागली की सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी सूचना देऊन ठेवावी. ही सूचना न देता नुसता यूपीएस घेणे म्हणजे अपघात दहा मिनिटे पुढे ढकलणे.

विजेच्या बिलाचा हिशेब सोपा आहे. चोवीस तास चालणारे यंत्र जितके वॅट खाते त्याच्या ८.७६ पट युनिट वर्षाला होतात. नवे छोटे यंत्र जुन्यापेक्षा शंभर वॅट कमी घेत असेल, तर वर्षाला ८७६ युनिट वाचतात.

कार्यालयातील नेटवर्क-स्विच, म्हणजे सर्व तारा एकत्र येतात ती पेटी, जर शंभर मेगाबिटची जुनी असेल तर ती आधी बदलावी. तीमधून सव्वादोन टेराबाइट हलवायला किमान पन्नास तास लागतील. हजार मेगाबिटच्या पेटीतून रात्रीत काम होते. तिन्ही कोटेशनांत या हजार-दोन हजारांच्या वस्तूचा उल्लेख नव्हता.

हे सांभाळणार कोण?

सर्वांत अवघड आक्षेप हाच आहे, आणि त्याला यंत्रात उत्तर नाही. जुन्या सर्व्हरचा परवलीचा शब्द एका सदस्याच्या भाच्याला ठाऊक होता. तो पुण्याला नोकरीला गेला, मग बंगळुरूला, आणि मग त्याचा फोन क्रमांक बदलला. नव्या रचनेत दोन माणसे नेमलेली आहेत, आणि दुसऱ्याने पहिल्याच्या गैरहजेरीत एकदा तरी प्रत उभी करून दाखवलेली असली पाहिजे. परवलीचे शब्द, कूटबद्ध डिस्कची किल्ली आणि चार पानांची मराठीतील कृती, कोणत्या क्रमाने काय चालू करायचे यासह, छापून दोन सीलबंद पाकिटांत ठेवली आहे. एक पाकीट कोषाध्यक्षांच्या कपाटात, दुसरे राजेंद्र नगरात, पण डिस्क ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरी नव्हे. निवडणुकीनंतर ही पाकिटे नव्या कार्यकारिणीकडे सोपवल्याची नोंद इतिवृत्तात होईल.

स्थलांतराचा क्रमही ठरला आहे. आधी चित्रणे आणि स्कॅन हलतील, कारण ते चुकले तर मूळ जागेवर आहेतच. मग वाचनालय, परीक्षांच्या दिवसांत, जेव्हा बालविभागात गर्दी नसते. हिशेब मार्चअखेरचा ताळेबंद झाल्याशिवाय हलणार नाहीत. जुना सर्व्हर त्यानंतर तीन महिने, तार काढून, पण डिस्क न पुसता तसाच कोनाड्यात राहील. पातेल्यांना ती जागा गणेशोत्सवाच्या आधी मिळेल.